विजेचा पल्ला : रोहित्राची जन्मकथा

यंत्रांच्या इतिहासांत ज्यांचा बोलबाला होतो तीं यंत्रें बहुधा फिरणारीं, धडधडणारीं, धूर ओकणारीं असतात. आगगाडीच्या एंजिनाची कथा लहान मुलासही ठाऊक असते. विमानाच्या जनकांचीं नांवें शाळेंतील पुस्तकांत छापलेलीं असतात. परंतु गांवाच्या वेशीवर दोन खांबांमध्यें बसविलेली जी करड्या रंगाची लोखंडी पेटी रात्रंदिवस एका सुरांत घुमत असते, तिची जन्मकथा विचारणारा क्वचितच भेटतो. शहरांत तिला ट्रान्सफॉर्मर म्हणतात, खेड्यांत सरसकट ‘डीपी’ म्हणतात, आणि सरकारी कागदोपत्रीं तिचें नांव रोहित्र असें आहे. ती जळाली म्हणजे मात्र तिची आठवण सर्वांस एकदम होते. विहिरींत पाणी असून पिकें सुकूं लागतात, पिठाची गिरणी बंद पडते आणि सगळा गांव अंधारांत बुडतो. या पेटींत फिरणारा असा भाग एकही नाहीं. लोखंडाचा एक गाभा, त्याभोंवतीं तारेचीं दोन वेटोळीं आणि तीं थंड राखण्यासाठीं तेल, एवढाच तिचा संसार. तथापि आमचें म्हणणें असें आहे कीं, विजेच्या युगाचें दार ज्यानें उघडलें तो दिवा नव्हे आणि जनित्रही नव्हे. तें काम या निश्चल पेटीचें आहे. वीज उत्पन्न करणें ही एक गोष्ट आणि ती हवी तेथें नेणें ही दुसरी. आणि माणसाचें घोडें दीर्घकाळ अडलें तें या दुसऱ्या गोष्टीपाशीं.

अडचण काय होती हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. तारेंतून वीज वाहूं लागली म्हणजे तार तापते, आणि ही उष्णता म्हणजे वाटेंत सांडलेली वीजच होय. लांबच्या पाटाचें पाणी जसें वाटेंतच मुरतें, तसाच हा प्रकार; मात्र येथील नुकसानीचा नियम अधिक कठोर आहे. प्रवाह दुप्पट झाला कीं नुकसान चौपट होतें, प्रवाह दसपट झाला कीं नुकसान शंभरपट होतें. आतां विजेची शक्ति म्हणजे दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार. एक लक्ष वॉट शक्ति १०० व्होल्ट दाबानें न्यावयाची तर १,००० अँपिअर प्रवाह लागतो. तीच १०,००० व्होल्ट दाबानें न्यावयाची तर अवघे १० अँपिअर पुरतात. प्रवाह शंभरपट कमी झाल्यामुळें त्याच तारेंतील नुकसान दहा हजारपट कमी होतें. म्हणून दूरच्या प्रवासास उंच दाब पाहिजे. परंतु तोच दाब घरांतल्या दिव्यापाशीं आणून सोडणें म्हणजे मृत्यूस आमंत्रण देणें होय. वाटेवर वाघ असावा आणि उंबऱ्याच्या आंत येतांच त्याची गाय व्हावी, असें कांहींसें साधावयाचें होतें.

या कोड्याची किल्ली मात्र कोडें पडण्याच्या पन्नास वर्षें आधींच माणसाच्या हातीं आली होती. २९ ऑगस्ट १८३१ रोजीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें मायकेल फॅरडे यानें नरम लोखंडाचें सुमारें सहा इंच व्यासाचें एक कडें घेतलें आणि त्याच्या दोन अंगांस तांब्याच्या तारेचीं दोन निरनिराळीं वेटोळीं गुंडाळलीं. लोहाराच्या घरीं जन्मलेला आणि पुस्तकें बांधणाऱ्याच्या दुकानांत उमेदवारी केलेला हा मनुष्य गणितांत पारंगत नव्हता, परंतु त्याची दृष्टि विलक्षण सूक्ष्म होती. पहिल्या वेटोळ्यास बॅटरी जोडतांच दुसऱ्या वेटोळ्याच्या तारेजवळ ठेवलेली चुंबकसूचि क्षणभर हलली आणि पुन्हां स्थिर झाली. बॅटरी तोडतांच ती उलट बाजूस हलली. दोन्ही वेटोळ्यांत एकमेकांचा स्पर्श नव्हता. पहिल्यांतील प्रवाह स्थिर असेपर्यंत दुसऱ्यांत कांहींच घडत नव्हतें. पहिल्यांत बदल झाला कीं दुसऱ्यांत वीज जागी होई. अमेरिकेंत जोसेफ हेन्री हाही स्वतंत्रपणें याच तत्त्वापर्यंत येऊन पोहोंचला होता. दुसऱ्या वेटोळ्याचे वेढे पहिल्याहून अधिक असले तर दाब त्या प्रमाणांत चढतो, कमी असले तर उतरतो, हें पुढें स्पष्ट झालें. फॅरडेच्या त्या कड्यास आज आपण जगांतील पहिलें रोहित्र म्हणतों; परंतु त्या दिवशीं त्याला तें नांव नव्हतें आणि करण्यासारखें कामही नव्हतें. विजेचे दिवे नव्हते, विजेच्या गिरण्या नव्हत्या, मग वीज दूर न्यावयाची तरी कोणासाठीं?

काम नव्हतें एवढेंच कारण असतें तर पन्नास वर्षांचा हा खंड सहज समजला असता. परंतु त्याच्या जोडीला एक समजूतही आडवी आली होती. १८३२ सालीं पॅरिसमध्यें इपोलित पिक्सी यानें चुंबक फिरवून वीज उत्पन्न करणारें यंत्र तयार केलें. त्यांतून निघणारा प्रवाह क्षणांत एका दिशेनें तर क्षणांत दुसऱ्या दिशेनें, असा उलटसुलट वाहत होता. यालाच आपण प्रत्यावर्ती प्रवाह म्हणतों. बॅटरीच्या सरळ प्रवाहाची संवय असलेल्या विद्वानांस हा प्रकार यंत्राचें व्यंगच वाटला. आंपेर याच्या सूचनेवरून पिक्सीनें त्या यंत्रास एक कळ बसविली आणि प्रवाह एका दिशेस वळविला. निसर्गानें जी वीज आपणहून बदलत्या रूपांत पुढें केली होती, ती माणसानें मुद्दाम सरळ करून घेतली. तारायंत्रास आणि मुलामा देण्याच्या कामास तशीच वीज पाहिजे होती, त्यामुळें कोणाचें अडलें नाहीं. पण रोहित्र जिवंत होतें तें प्रवाहाच्या बदलावर. आणि ज्यास लोक व्यंग समजत होते तो बदलच त्याचा प्राण होता. मध्यंतरीं आयर्लंडमध्यें मेनूथ येथील धर्मोपदेशक निकोलस कॅलन आणि पॅरिसमधील कारागीर रुम्कोर्फ यांनीं दाब चढविणारीं वेटोळीं मोठ्या कौशल्यानें बनविलीं. रुम्कोर्फला तर १८६४ सालीं तिसऱ्या नेपोलियननें ठेविलेलें ५०,००० फ्रँकांचें बक्षीसही मिळालें. तथापि त्या वेटोळ्यांतून निघणाऱ्या लांब लांब ठिणग्या पाहण्यापलीकडे व प्रयोगशाळेच्या टेबलापलीकडे त्यांची मजल फारशी गेली नाहीं.

मग विजेचा दिवा आला आणि अंतराचा प्रश्न एकाएकीं व्यवहाराचा झाला. ४ सप्टेंबर १८८२ रोजीं न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर टॉमस एडिसन यानें आपलें वीजघर चालू केलें. दिव्यापासून मीटरपर्यंत आणि जनित्रापासून जमिनींतल्या तारांपर्यंत सर्व रचना एका माणसाच्या देखरेखीखालीं उभी राहिली होती, आणि तिचें श्रेय त्यास दिलेंच पाहिजे. परंतु ती वीज सरळ प्रवाहाची व सुमारें ११० व्होल्ट दाबाची असल्यामुळें तिचा पल्ला मैलाच्या आसपासच संपत असे. पुढें जावयाचें तर तांबें इतकें लागे कीं दिव्यापेक्षां तारच महाग पडावी. म्हणजे भर वस्तींत दर मैलास एक वीजघर, त्यांत कोळशाचा जाळ, वर धूर आणि खालीं धडधड. ज्यांच्या परसांत नदी नाहीं आणि ज्यांच्या गल्लींत पैसा नाहीं, त्यांनीं रॉकेलच्या दिव्यावर समाधान मानावें, असा या व्यवस्थेचा अर्थ होता.

या मैलाच्या कुंपणावरून प्रथम ज्यानें उडी घेतली त्याचें नांव ल्युसियन गोलार. हा फ्रेंच तरुण आणि जॉन डिक्सन गिब्ज हा त्याचा इंग्रज भागीदार, या दोघांनीं १८८२ सालीं प्रत्यावर्ती विजेसाठीं एका उपकरणाचें पेटंट घेतलें आणि त्यास ‘दुय्यम जनित्र’ असें नांव दिलें. १८८३ सालीं लंडनच्या प्रदर्शनांत तें लोकांनीं पाहिलें आणि तेथील भुयारी रेल्वेच्या कांहीं स्टेशनांवर त्याच्या साहाय्यानें दिवेही लागले. १८८४ सालच्या तुरिनच्या प्रदर्शनांत तर त्यानें कमाल केली. तुरिनपासून लान्झो गांवापर्यंत सुमारें ४० किलोमीटर तार ओढून वाटेंतील ठिकाणीं दिवे लावून दाखविले. एडिसनच्या मैलाशेजारीं हे ४० किलोमीटर ठेवून पाहिले म्हणजे तुरिनच्या लोकांस काय वाटलें असेल याची कल्पना येते. गोलारला बक्षीस मिळालें, कीर्ति मिळाली आणि युरोपांतील जाणते इंजिनिअर तें उपकरण पाहण्यासाठीं तुरिनास आले.

परंतु त्या उपकरणांत दोन दोष होते. त्याचा लोखंडी गाभा सरळ दांड्यांचा, दोन्ही टोकांस उघडा होता. त्यामुळें चुंबकशक्तीचा पुष्कळसा भाग हवेंत वायां जाई. दुसरा दोष जोडणीचा. माळेंत मणी ओवावे तसें एका तारेंत एकापुढें एक अशीं सर्व रोहित्रें त्यानें गुंफलीं होतीं. अशा एकसर जोडणींत एका घरचे दिवे मालविले कीं दुसऱ्या घरच्या दिव्यांवर परिणाम होई, आणि तो सांवरण्यासाठीं गाभा आंतबाहेर सरकवीत बसावें लागे. शेजाऱ्यानें दिवा मालविला म्हणून आपला दिवा भडकावा, ही व्यवस्था प्रदर्शनांत खपेल. गृहस्थाच्या घरीं खपणार नाहीं.

तुरिनला जे पाहुणे आले होते त्यांत बुडापेस्टच्या गांझ कारखान्याचा तरुण इंजिनिअर ओट्टो ब्लाथी हाही होता. त्यानें दोष पाहिला आणि घरीं परतल्यावर करोय झिपेर्नोव्स्की व मिक्शा देरी या सहकाऱ्यांसह त्याचा पिच्छा पुरविला. ब्लाथीनें गाभा बंद करण्याची कल्पना काढली, झिपेर्नोव्स्कीनें समांतर जोडणीचा आग्रह धरला आणि देरीनें प्रयोगांचा भार उचलला, असें या तिघांच्या कामाचें वांटप सांगतात. समांतर जोडणी म्हणजे पाटाच्या दोन्ही कडेस स्वतंत्र दारें ठेवणें. एका शेतकऱ्यानें आपलें दार बंद केलें तरी दुसऱ्याच्या वाफ्यास पाणी पूर्वीप्रमाणेंच मिळतें. गाभा अखंड लोखंडाचा न ठेवतां परस्परांपासून अलग राखलेल्या बारीक तारांचा किंवा पत्र्यांचा केला, म्हणजे लोखंडांतल्या लोखंडांत भोंवरे उठून तें तापण्याचें प्रमाण घटलें. १८८५ सालीं त्यांनीं पेटंट घेतलें. ‘ट्रान्सफॉर्मर’ हा शब्दही त्यांच्यापैकीं ब्लाथीनेंच रूढ केला. त्याच वर्षीं बुडापेस्टच्या राष्ट्रीय प्रदर्शनांत एक हजाराहून अधिक दिवे या रोहित्रांवर लागले, आणि शेजारचा दिवा मालविल्यानें कोणाचाही दिवा भडकला नाहीं. येथून पुढें मूळ तत्त्वांत फारसा बदल झालेला नाहीं. आपल्या वेशीवरच्या पेटींतील रोहित्र याच घराण्याचें आहे.

अमेरिकेंत ही विद्या गेली तीही तुरिनच्याच मार्गानें. जॉर्ज वेस्टिंगहाउस या उद्योगपतीनें गोलार व गिब्ज यांचे अमेरिकेपुरते हक्क विकत घेतले आणि विल्यम स्टॅन्ली या इंजिनिअरास तें काम सोंपविलें. प्रकृति बरी नसल्यामुळें स्टॅन्ली पिट्सबर्गचा धूर सोडून मॅसॅच्युसेट्समधील ग्रेट बॅरिंग्टन या लहान गांवीं जाऊन राहिला होता. तेथें २० मार्च १८८६ रोजीं त्यानें ५०० व्होल्ट दाबाची वीज गांवांतून फिरवून आणि रोहित्रांच्या द्वारें ती १०० व्होल्टपर्यंत उतरवून दुकानांत दिवे लावले. त्याची खरी कामगिरी कारखानदारीच्या दृष्टीची आहे. पत्रे विशिष्ट आकारांत कापून, आधीं गुंडाळून ठेवलेल्या वेटोळ्यांत सरकविण्याची युक्ति त्यानें काढली, त्यामुळें रोहित्र स्वस्तांत आणि भराभर तयार होऊं लागलें. इकडे एडिसनच्या कंपनीनें हंगेरीच्या त्रिमूर्तीच्या रोहित्राचा अमेरिकेपुरता हक्क आपल्याकडे राखून ठेविला होता, पण त्याचा उपयोग केला नाहीं. किल्ली हातीं असून दार न उघडण्याचा हा दुसरा प्रकार.

पुढील दोनतीन वर्षें ‘प्रवाहांचें युद्ध’ या नांवानें प्रसिद्ध आहेत. प्रत्यावर्ती वीज प्राणघातक आहे असा एडिसनच्या बाजूनें गवगवा झाला. १८८८ सालीं तिचें भयंकरत्व पटविण्यासाठीं कुत्रे मारून दाखविण्याचे जाहीर प्रयोगही झाले. आणि ६ ऑगस्ट १८९० रोजीं न्यूयॉर्क संस्थानांत विजेच्या खुर्चीवर पहिला देहदंड देण्यांत आला तोही प्रत्यावर्ती प्रवाहानें. भय सर्वस्वीं खोटें होतें असें आम्ही म्हणत नाहीं. उंच दाबाच्या तारांनीं माणसें खरोखरच मरत होतीं. परंतु त्याचा उपाय चांगलें आवरण घालणें हा होता, तार मैलावर तोडणें हा नव्हे. इंग्लंडमध्यें तेवीस वर्षांच्या सेबॅस्टियन फेरांटीनें हेंच ओळखलें. लंडनबाहेर टेम्सकांठीं डेप्टफर्ड येथें त्यानें १०,००० व्होल्ट दाबाचें वीजघर योजिलें. त्याची तार निर्धोक आहे हें पटविण्यासाठीं वीज चालू असतां तिच्यांत छिनी ठोकून दाखविण्यांत आली, आणि छिनी धरणाऱ्या साहाय्यकाच्या केसासही धक्का लागला नाहीं.

तथापि दिवा एवढ्यावर ही लढाई जिंकली जाण्यासारखी नव्हती, कारण गिरण्यांस मोटार पाहिजे होती. ती उणीव इटलींत गॅलिलिओ फेरारिस आणि अमेरिकेंत निकोला टेस्ला यांनीं फिरत्या चुंबकक्षेत्राच्या कल्पनेनें १८८८ सालीं भरून काढली, आणि मिखाइल दोलिवो-दोब्रोवोल्स्की यानें तीन कलांची पद्धति व्यवहारांत आणली. १८९१ सालीं जर्मनींत फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनानिमित्त नेकर नदीवरील लाउफेन येथून १७५ किलोमीटर अंतरावर सुमारें १५,००० व्होल्ट दाबानें वीज आणली गेली. तेलांत बुडविलेलीं रोहित्रें दोन्ही टोकांस होतीं. निघालेल्या शक्तीपैकीं सुमारें तीन चतुर्थांश शक्ति मुक्कामास पोहोंचली. तिच्यावर दिवे लागले आणि एक कृत्रिम धबधबाही वाहूं लागला. नदीनें दिलेल्या शक्तीचा दूरच्या शहरांत पुन्हां धबधबा करून दाखविणें, यापेक्षां बोलकें प्रात्यक्षिक दुसरें कोणतें असूं शकतें? तरीही लॉर्ड केल्विनसारख्या थोर शास्त्रज्ञानें १८९३ सालीं नायगाराच्या चालकांस तार करून प्रत्यावर्ती प्रवाहाच्या नादीं न लागण्याचा इशारा दिला होता. चालकांनीं तो मानला नाहीं. आणि १८९६ सालीं नायगाराची वीज बफलो शहरांत जाऊन पोहोंचली.

हें वैभव पाहण्यास गोलार मात्र उरला नव्हता. इंग्लंडांत त्याच्या पेटंटावर दावा लागला आणि १८८८ सालीं न्यायालयानें तें रद्द ठरविलें. ज्या तत्त्वाचा पल्ला त्यानें जगास दाखविला तें तत्त्व फॅरडेचें होतें, आणि ज्या सुधारणांनीं तें चाललें त्या दुसऱ्यांच्या होत्या. मग त्याचें स्वतःचें काय राहिलें, असा तो निष्ठुर प्रश्न होता. त्याच्या बुद्धीस भ्रंश झाला आणि २६ नोव्हेंबर १८८८ रोजीं पॅरिसच्या सेंट-आन रुग्णालयांत वयाच्या ३८ व्या वर्षीं त्याचा अंत झाला. न्यायालयानें कायद्याच्या काट्यानें न्याय केला असेल. इतिहासास निराळा कांटा वापरला पाहिजे. बुडापेस्टच्या तिघांचें कर्तृत्व आम्ही तिळभरही कमी लेखीत नाहीं, परंतु सुधारण्यासाठीं त्यांच्यापुढें जी चूक होती ती ४० किलोमीटर लांबीची होती, आणि एवढी मोठी चूक करण्याचें धाडस त्यापूर्वीं कोणींच केलें नव्हतें.

आपल्या देशासही या पल्ल्याचें फळ लौकरच मिळालें. १९०२ सालीं म्हैसूर संस्थानांत कावेरीच्या शिवनसमुद्र धबधब्याची वीज सुमारें ९२ मैलांवरील कोलारच्या सोन्याच्या खाणींस पोहोंचली. मुंबईच्या गिरण्यांचा धूर कमी व्हावा आणि सह्याद्रीवर कोसळणाऱ्या पावसास कामास लावावें हें जमशेटजी टाटा यांचें स्वप्न त्यांच्या मृत्यूनंतर, १९१५ सालीं, खोपोलीस साकार झालें. घाटमाथ्यावरील तलावांचें पाणी १,७०० फुटांहून अधिक उंचीवरून नळांतून खालीं येतें. त्यापासून झालेली वीज रोहित्रांनीं एक लक्ष व्होल्टांच्या घरांत चढविली गेली आणि ४० मैलांहून दूर असलेल्या परळास नेऊन पुन्हां उतरविली गेली. मुंबईचा कामगार ज्या मागावर उभा राहिला त्यास फिरविणारी शक्ति लोणावळ्याच्या आभाळांतून आली होती.

परंतु याच कथेचें दुसरें पान मावळांत लिहिलें गेलें. मुळशी येथें मुळेवर धरण बांधून वीज काढण्याचें ठरलें तेव्हां बुडणाऱ्या गांवांतील मावळ्यांनीं १९२१ सालीं सत्याग्रह पुकारला. त्याच लढ्यानें पांडुरंग महादेव बापट यांस ‘सेनापति’ ही पदवी दिली. धरण झालें, गांवें बुडालीं, आणि वीज मुंबईस गेली. पर्ल स्ट्रीटच्या रहिवाश्यास आपल्या दिव्याची किंमत खिडकींतून दिसत होती. धूर त्याच्याच अंगणांत पडत असे. रोहित्रानें दिव्याचा आणि धुराचा, धरणाचा आणि गिरणीचा हा शेजार मोडला. वीज घेणाऱ्यास वीज देणारा दिसेनासा झाला. हा दोष त्या मुक्या पेटीचा नव्हे. तिनें अंतर जिंकून दिलें, पण अंतराच्या त्या टोकास असलेल्या माणसाची विचारपूस करण्याचें काम तिच्यावर सोंपवितां येत नाहीं.

काळानें सरळ प्रवाहासही पुन्हां मान दिला आहे. अतिदूरच्या मार्गांवर तोच अधिक काटकसरीचा ठरतो. १९९९ सालीं चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत सुमारें ७५० किलोमीटरांची अशीच वाहिनी सुरू झाली, आणि तिचा दाब ५,००,००० व्होल्ट आहे. एडिसनच्या आत्म्यास समाधान वाटावें अशी ही गोष्ट खरी. मात्र त्या वाहिनीच्या दोन्ही टोकांस दाब चढविण्याउतरविण्यासाठीं रोहित्रेंच उभीं आहेत. चंद्रपूरच्या कोळशाची राख चंद्रपुरासच राहते आणि दिवा कोंकणपट्टींत लागतो. गोलारच्या ४० किलोमीटरांपासून निघालेला हा पल्ला अजून वाढेल. त्याच्या या टोकास बसून दिवा लावणाऱ्या आम्हां सर्वांवर त्या टोकाचें जें देणें आहे, तें मोजणारें मीटर मात्र आम्हांसच बनवावें लागेल.